खरबुजांच्या विषयात घोडा

तोल्किन माखकामोवचं काम सांगायला सोपं आणि करायला ओशाळवाणं होतं. हौशी हेवीवेट बॉक्सर बघायचे आणि त्यांतला कोण पैशाच्या बॉक्सिंगमध्ये टिकेल ते लिहून द्यायचं. सामने भरवणाऱ्या ताश्कंदच्या ज्या प्रवर्तकासाठी तो हे करायचा, त्याने चौदा रकान्यांचा तक्ता छापून दिला होता. हाताचा पल्ला, जबडा, मान, दम, पाय, असं करत करत शेवटचा रकाना 'शिफारस'. तिथे हो किंवा नाही, एवढंच. बावीस वर्षांत त्याने अकरा जणांना 'हो' लिहिलं होतं. त्यांतल्या चौघांची लग्नं त्या 'हो'वर जमली, असं त्याच्या कानावर आलं होतं. 'नाही'वाल्यांचीही लग्नं झालीच असतील, पण त्याला कुणी बोलावलं नाही.

तीन फेऱ्यांच्या खेळात एकशेदहा किलोचा माणूस देखणा दिसतो. ठोसा मारायचा, गुण घ्यायचा, बाजूला व्हायचं. दहा-बारा फेऱ्यांच्या खेळात बाजूला व्हायला जागा उरत नाही. तिथे आठव्या फेरीत मार खाता खाता समोर काय चाललंय ते कळत राहायला लागतं. तोल्किन ते कळणं शोधायचा. तक्त्यात त्याला रकाना नव्हता.

त्या शुक्रवारी तो कोकंदला आला होता, झोकिरला बघायला. ज्या तालमीत तो स्वतः पोरवयात मार खायला शिकला, तिथेच. झोकिर पंचवीस वर्षांचा, दारातून आत येताना मान वाकवणारा. तालीम चालवणारे हाशिम उस्ताद सत्तरीचे, अजून तोच निळा स्वेटर घालणारे.

"बघ, नीट बघ," उस्ताद म्हणाले. "असा डावा हात तुझ्या बापजन्मी पाहिला होतास का?"

"माझ्या बापाने बॉक्सिंग पाहिलंच नाही, उस्ताद. तो मिरच्या विकायचा."

"तरीच तुझा डावा झणझणीत होता. लागायचा नाही कुणाला, पण झणझणीत."

झोकिर सहा फेऱ्या खेळला, दर दोन फेऱ्यांना समोर ताज्या दमाचा गडी. सहाव्या फेरीतही त्याचे हात हनुवटीखाली उतरले नाहीत. दोरांशी कोंडलं तर तो घाबरून ठोसे फेकत नव्हता. समोरच्याला मिठीत घेऊन त्याच्यावर आपलं वजन टाकून शांत उभा राहत होता. हे हौशी पोरांना शिकवूनही येत नाही. उस्तादांनी एक फाइलही पुढे केली. मेंदूचा फोटो, खाली डॉक्टरची सही, सगळं स्वच्छ. तोल्किनने तेरा रकाने भरले आणि मनातल्या मनात बाराव्या 'हो'ची शाई तयार केली. तरी चौदावा रकाना त्याने मोकळा ठेवला. उपाशीपोटी शिफारस लिहायची नाही, असा त्याचा नियम होता.

जेवण उस्तादांच्याच अंगणात होतं, द्राक्षाच्या मांडवाखाली. तिथे दर शुक्रवारी दहा-बारा मित्र जमत, पुलावाची कढई चढे आणि ती उतरेपर्यंत अस्किया, म्हणजे थट्टेची जुगलबंदी, चाले. अस्कियाचा विषय एकच असतो आणि त्या विषयात राहूनच एकमेकांची खेचायची असते. बोलणं आलं की उत्तर श्वास घेण्याआधी गेलं पाहिजे. जो उशीर करेल किंवा विषयाबाहेर जाईल त्याला बाकीचे हुर्यो करून उठवतात आणि तो सगळ्यांना चहा देत फिरतो. कोकंदमध्ये यातून सुटका मंत्र्याचीही होत नाही.

आणि झोकिर यात नावाजलेला. सतराव्या वर्षी त्याने एका लग्नात तुरोब न्हाव्याची बोलती बंद केली होती. दुसऱ्या दिवशी तुरोबने एका गिऱ्हाइकाची अर्धीच दाढी करून त्याला घरी पाठवलं, असं लोक सांगत. ही गोष्ट तोल्किनने ताश्कंदमध्ये बसून तिघांकडून ऐकली होती.

"मागच्या शुक्रवारी घोडा ठरला होता," तुरोब मांडी ठोकून म्हणाला, "पण आज पाहुणा मोठा आहे. घोडा राहू द्या. खरबूज घेऊ."

"घ्या, घ्या!"

"तोल्किन अका बाजारात खरबूज कसं घेतात, ठाऊक आहे? आधी दाबतात. मग वास घेतात. मग कानाशी धरून वाजवतात, वहीत लिहितात, आणि घरी जाऊन काकडी खातात."

अंगण हसलं. तोल्किनही मूळचा इथलाच. त्याने उत्तर रोखलं नाही. "काय करणार, तुरोब? गेल्या वेळी तुझ्याकडून घेतलेलं खरबूज कापलं, तर आतून तूच बाहेर आलास. तेव्हापासून काकडी."

"पाहुणे वाजवून तरी बघतात," शाळेतले नबी मास्तर मध्ये पडले. "आमचा झोकिर खरबूज ठोशाने उघडतो. मग अख्खी गल्ली बिया वेचत बसते!"

आता पाळी झोकिरची होती. सगळे त्याच्याकडे वळले.

झोकिर हसत होता. कुणीतरी खोकलं. तुरोबने भरलेल्या पेल्यांत आणखी चहा ओतला. कढईपाशी पळी वाजली आणि थांबली.

"तुरोब अका," झोकिर म्हणाला, "तुमचा घोडा इतका म्हातारा झालाय की सकाळी तुम्ही त्याची दाढी करता आणि संध्याकाळी तो तुमच्यावर बसून घरी येतो."

सगळ्यात आधी नबी मास्तर हसले, मांडीवर थाप मारून. मग सगळेच. तुरोब तर डोळे पुसायला लागला. तोल्किनही हसला, आणि हसता हसता हुर्यो कधी होतेय याची वाट बघत राहिला.

हुर्यो झाली नाही. झोकिरला कुणी चहा द्यायला उठवलं नाही. डाव पुढे सरकला, पुन्हा खरबुजांवर आला, तिघा-चौघांकडून फिरला, आणि दर खेपेला झोकिरच्या अलीकडूनच वळला. अकरा माणसं एका माणसाभोवती इतकी सफाईने वळत होती, की ती आजच पहिल्यांदा वळत नव्हती हे उघड होतं. पुलाव आला. तोल्किन अर्ध्यातून उठला.

हात धुताना त्याने उस्तादांना गाठलं. "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"उस्ताद."

त्यांनी नळ बंद केला. "हिवाळ्यापासून. शिबिरात होता, दिवसाला तीन-तीन जणांबरोबर सराव. परत आला तेव्हा मला वाटलं, दमलाय."

"आणि तुम्ही मला फाइल दाखवलीत."

"मग काय दाखवू? डॉक्टर म्हणतो स्वच्छ. मी काय लिहू, पोरगं विनोदाला उशीर करतं म्हणून? ताश्कंदला पोट धरून हसतील." त्यांनी स्वेटरला हात पुसले. "तू मंगळवारी येतो म्हणालास. शुक्रवारीच ये, असं मी कशाला सांगितलं?"

"तुम्हीच सांगायचं होतं त्याला."

"नवव्या वर्षापासून मी त्याला ठोसे खायला लावलेत, तोल्किनजोन. माझं तोंड नाही."

स्टेशनला सोडायला झोकिरच आला, छोट्या पांढऱ्या गाडीत गुडघे छातीशी घेऊन. पहिल्या सिग्नलला त्याने गाडी थांबवली.

"अका, मी घोडा म्हणालो ना? खरबूज चाललं होतं."

"हो."

"सगळे हसले."

"हसले."

"आधी असे हसायचे नाहीत. आधी शिव्या घालायचे." दिवा हिरवा झाला. मागच्याने भोंगा वाजवला तेव्हा गाडी हलली. "घोड्याची आठ उत्तरं पाठ केली होती मी. आठवडाभर. त्यातलं ते सगळ्यात चांगलं."

स्टेशनसमोर गाडी उभी करून त्याने विचारलं, "लिहिलंत?"

तोल्किनने तक्ता काढला, गुडघ्यावर ठेवला, चौदाव्या रकान्यात 'नाही' लिहिलं आणि कागद त्याच्या हातात दिला. आजवर हा कागद त्याने कुठल्याच बॉक्सरला दाखवला नव्हता. तो टपालाने जायचा, आणि तोवर तोल्किन दुसऱ्या गावी असायचा.

झोकिरने तो ओळीवर बोट ठेवून वाचला. "तेरा रकाने तर चांगलेच आहेत."

"तेरा चांगले आहेत."

"दुसरा कुणी येईल आणि हो लिहील."

"लिहील. फाइल स्वच्छ आहे, आणि असा डावा हात. त्याला पुलावाला थांबायचीही गरज पडणार नाही. त्याला नाही म्हणायचं ते तुलाच म्हणावं लागेल."

झोकिरने कागदाची घडी घातली, उघडली, परत घातली. ताश्कंदची गाडी लागल्याची घोषणा झाली.

"आईला कोण सांगणार? मी सांगितलं तर म्हणेल, घाबरलास. तुम्ही चला. पाहुण्यावर ती ओरडू शकत नाही."

तोल्किनने घड्याळ बघितलं. मग गाडीचं दार, जे त्याने अर्धं उघडलं होतं, ओढून घेतलं.

झोकिरची आई, सलोमत ओपा, अंगणात पर्सिमॉनची केशरी फळं सोलून वाळायला दोरीला टांगत होत्या. गल्ली त्यांना हिवाळ्याआधीपासूनच 'चँपियनची आई' म्हणत होती आणि त्याही ओ देत होत्या. त्यांनी सतरंजी झटकली, नान मोडून ठेवला, चहा ओतला. तोल्किनने हाताच्या पल्ल्यापासून सुरुवात केली. मग पाय. मग दम. जबड्याशी आला तेव्हा त्यांनी हात वर केला.

"किती लांबून येताय हो तुम्ही. शेवटून सांगा."

त्याने शेवटून सांगितलं. शिबिर, उशीर, पाठ केलेली उत्तरं, सगळं. आवाज खाली ठेवूनही त्याला ते आपणच केल्यासारखं वाटलं.

ओपा ओरडल्या नाहीत. त्यांनी सुरी ताटलीत ठेवली आणि मुलाकडे वळल्या. "तू काय म्हणतोस?"

इथे हसून वेळ भरून काढणारं कुणी नव्हतं. तोल्किनच्या तोंडाशी वाक्य आलं, ते त्याने चहाबरोबर गिळलं. ओपा बघत राहिल्या. चहावरची वाफ संपली.

"डोकं दुखतं," झोकिर म्हणाला. "सकाळी. उठलं की."

"किती दिवस?"

त्याने बोटांवर मोजायला सुरुवात केली. चुकला, परत पहिल्या बोटावर आला. दोघांनी त्याला मोजू दिलं.