मानेला रंग नाही

१९७९च्या हिवाळ्यात एका दुपारी ताई इस्पितळातून घरी आली, तेव्हा पेंटर टेबलावर आपल्या घरी बनवलेल्या रॉकेटचे तुकडे मांडून त्यांच्यावरून बोटं फिरवत बसला होता. पुठ्ठ्याची लांब नळी मधोमध चुरगळली होती, एक पंख गायब होता आणि लाकडी टोक नळीत असं गच्च रुतलं होतं की ओढून निघेना.

पेंटर तिचा धाकटा भाऊ. आईवडील गेल्यापासून घरात दोघंच. गावातल्या निम्म्या दुकानांच्या पाट्या त्याच्या हातच्या होत्या, आणि कुठलीही जागा कोरी राहिली तर त्याला चैन पडत नसे. रॉकेटचं टोक नळीत जिथे शिरतं ती मानसुद्धा त्याने रंगवून टाकली होती. खरं तर वर गेल्यावर टोक सुटायचं, आतली कापडी छत्री बाहेर पडायची आणि रॉकेट डुलत खाली यायचं. रंगाने मान फुगली, टोक अडकलं आणि रॉकेट नाकावर आपटलं.

“पडलं कुठे ते दिसलंच नाही गं,” तो म्हणाला. “आवाजावरून गेलो.”

ताई इस्पितळाच्या कपडेखात्यात चादरी शिवायची. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं की पेंटरची नजर आता फार दिवस टिकायची नाही. दिवसाउजेडी त्याला सगळं पांढरं धुकं दिसे. पाट्या रंगवणं त्याने सोडलंच होतं. आता तुकडे कपाटावर टाकून तो म्हणाला, की संपला खेळ.

आठवडाभराने गल्लीतले दिवे गेले होते. ताई टॉर्च घेऊन घराकडे येत होती. पायरीवर बसलेला पेंटर लांबूनच म्हणाला, “सेल उतरलेत तुझे. उजेड पिवळा पडलाय.”

ती गल्लीच्या मध्येच थांबली. अंधारात त्याला दिवा दिसत होता.

दुसऱ्या दिवशी ती घड्याळजींच्या दुकानात गेली. तिचं मनगटी घड्याळ वरचेवर मागे पडे, आणि ते दुरुस्त व्हायला नेहमी जरा जास्तच वेळ लागे. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. ती दोघं मात्र त्याबद्दल कधी बोलली नव्हती. या वेळी तिने घड्याळ काढलंच नाही. अंधारात उडणारं रॉकेट करायचंय, दिवा बसवून द्याल का, एवढंच विचारलं. घड्याळजींनी डोळ्याची काच काढली, पुसली, आणि संध्याकाळी येतो म्हणाले.

मग संध्याकाळी स्वयंपाकघरात ते काम चाले. पेंटर पडद्याच्या दांडीवर कागद गुंडाळून, खळ लावून नवी नळी करी. बघायची गरज नव्हती, बोटांना सुरकुती कळत होती. घड्याळजींनी टोकाचा शेंडा कापून तिथे औषधाची पारदर्शक डबी बसवली, आत टॉर्चचा छोटा दिवा. वजन वाढलं म्हणून छत्री मोठी हवी होती. ताईने कोटाच्या जुन्या अस्तरातून ती शिवली. घड्याळजी तिच्या टाक्यांकडे बघत राहिले की पेंटर म्हणे, “दिवा इकडे आहे, घड्याळजी.” ते गडबडून मान खाली घालत.

टोक तयार झाल्यावर पेंटरचा हात सवयीने ब्रशकडे गेला. ताईने ब्रश काढून घेतला.

“मानेला नाही.”

“राहू दे बाई. एवढं एक माझ्या हातून कोरं राहील.”

अमावास्येला तिघं वीटभट्टीमागच्या माळावर गेली. पेंटरने कळ दाबली. ठिणग्यांचा शेपटा वर गेला, विझला, आणि वर काहीच दिसेना; शेंड्यावरचा दिवा नळीआड होता. ताईने श्वास धरून ठेवला. टोक पुन्हा अडकलं असेल, तर दिवाही आता नाकावरच येणार होता.

मग फार उंचावर तो दिवा दिसला, थबकला आणि झुलायला लागला. तिचा श्वास सुटला. शेजारी पेंटरचं बोट वर गेलं होतं आणि दिव्याबरोबर हळूहळू सरकत होतं.

“छत्रीसुद्धा दिसतेय गं,” तो म्हणाला. “खालून पिवळी.”

घड्याळजींनी त्यानंतरच्या उन्हाळ्यात ताईला लग्नाचं विचारलं. ती नाही म्हणाली. कारण तिने सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. पुढे ते भावाच्या गावी गेले, तिथे संसार केला. ते गेल्यावर घड्याळ मागे पडलं तर ताई पडू द्यायची.

पेंटरची नजर वर्षभरात पुरती गेली. तो खुर्च्या विणायला शिकला. अंधाऱ्या रात्री दोघं माळावर जातच राहिली. तिच्या खांद्यावर हात ठेवून तो उभा राही आणि दर वेळी ती बोलायच्या आत म्हणे, “उघडली.” तुला कसं कळतं, असं तिने एकदा विचारलं.

“तू श्वास सोडतेस ना.”

त्याला जाऊनही आता बरीच वर्षं झाली. ताई निवृत्त झाली. रॉकेट कपाटावर असतं. कधी संध्याकाळी ती ते खाली घेते, धूळ पुसते आणि टोक ओढून बघते. कोऱ्या लाकडाची मान अलगद सुटते. तिचा श्वास सुटतो, आणि मागून कुणी काही म्हणेल म्हणून ती जराशी थांबते.