गुडघाभर चिबड

सांगोला तालुक्यात प्यायचं पाणी टँकरने येतं. त्याच तालुक्यात धुळा नावाचा मेंढपाळ ‘दलदलीत रुतून’ मेला, असं अजिनाथ जमादारांनी पंचनाम्यात लिहिलं, आणि कुणाला हसू आलं नाही. कालवा गळतो, त्यामुळे खालची दोन एकरं बारा महिने ओली असतात. गाव त्याला चिबड म्हणतं. जमादार सोलापुरात मराठी घेऊन एम.ए. झालेले. चिबड हा शब्द त्यांना सरकारी कागदावर शोभेना.

धुळाच्या मेंढ्यांनी चुलतभाऊ बिरप्पाची डाळिंबाची रोपं खाल्ली होती. दोन मेंढ्यांची डोकी बिरप्पाने फावड्याने जागेवरच फोडली. तासाभराने धुळा चिबडात पालथा सापडला. मानेवर दांड्याएवढा वळ होता. हा वळ प्रेत ओढून काढताना उठला, असं पंचांचं मत पडलं. पहिला पंच बिरप्पा. जागेची इतकी माहिती असलेला दुसरा माणूस मिळाला नाही.

आता धुळाची बायको चिमाबाई हिचा अंगठा तेवढा राहिला होता. तो उठला की अपघाती मृत्यू म्हणून प्रकरण मिटणार होतं. ती म्हणाली, आधी जागेवर येऊन वाचून दाखवा.

जमादारांनी बिरप्पासह चार लोकांसमोर बांधावर उभं राहून वाचलं. दलदल म्हणजे काय, असं तिने विचारलं. नोकरीत असा प्रश्न पहिल्यांदाच आला, त्यामुळे जमादार खुलले. पाय ठेवला की माणूस आपोआप आत जातो आणि जातच राहतो ती दलदल, चिबड हा तिचाच गावठी शब्द, असं त्यांनी समजावलं.

“न्हाय सायेब,” चिमाबाई म्हणाली. “चिबडात माणूस गुडघ्यापतुरच जातो. म्होरं न्यायला दुसरा माणूस लागतो.”

जमादारांनी हसून बूट काढले, पँट दुमडली आणि उतरले. गुडघ्यापर्यंत गेले. थांबले. आपल्या शब्दाला संधी मिळावी म्हणून आणखी थोडे थांबले. पाय खोल जाईना. मग तो निघतो का बघायला वाकले, तेव्हा चिमाबाईने मागून उतरून बांधावरच्या फावड्याचा दांडा त्यांच्या मानेवर आडवा टाकला, पाठीत गुडघा रोवला आणि दाबलं. जमादारांचं तोंड चिखलात गेलं. हात दोन्ही बाजूंना फडफडले. बुडबुडे आले. बांधावरची माणसं जागच्या जागी थिजली.

एकटा बिरप्पा शांत होता. शेजारधर्माने सांगावं तसं म्हणाला, “सोडा वैनी. ईसपतुर मोजलं की जातो माणूस.”

चिमाबाईने सोडलं. ती तोवर मनात मोजत अकरापर्यंत आली होती.

जमादार चिखल ओकत वर आले. मानेवर दांड्याएवढा वळ होता, आणि त्यांना अजून कुणी ओढून काढलं नव्हतं. तोंड पुसण्याआधी त्यांनी बिरप्पाला अशी एक ठेवून दिली, की त्याचे दोन दात बांधावर पडले. मग पेन मागितलं. ‘दलदल’ खोडून वर ‘चिबड’ लिहिलं. पंचांतलं पहिलं नाव खोडून आरोपीच्या रकान्यात घेतलं.

शाईचं पॅड पुढे केलं, तर चिमाबाईने नको म्हटलं. तिने चिखलाचाच अंगठा उठवला.