दम गेलेलं विष

मी प्रयोगशाळेत माणसाच्या पेशी वाढवते. त्यांना खाऊपिऊ घालते, उबेत ठेवते आणि मग त्यांच्यावर सापाचं विष सोडते. "तुझ्यापेक्षा माझे साप बरे," असं दादा म्हणतो. खालच्या मजल्यावर सापांचं विष काढणं हे त्याचं रोजचं काम.

विषावरच्या औषधाची नवी खेप तपासायला आली होती. प्लेटच्या बारीक खळग्यांत पेशी, त्यांवर विष आणि औषध. दुसऱ्या दिवशी पेशी ठणठणीत. साहेब खूश.

"कर सही. पहिले डबे आपल्याच सापांच्या खोलीत ठेवू."

म्हणजे दादाला साप चावला तर हेच औषध. माझा हात थांबला. प्लेटमधली एक ओळ रिकामी होती. तिथे नुसतं विष घालायचं असतं आणि पेशी मरायच्या असतात, नाहीतर ते विष आहे हे कशावरून? घाई आहे म्हणून साहेबांनी ती ओळ गाळायला लावली होती, आणि मी मुकाट्याने मान डोलावली होती. स्वतःचाच संताप आला.

मी त्याच कुपीतलं नुसतं विष पेशींवर घातलं. दुसऱ्या दिवशी बघते तर पेशी मजेत! कुपी इतक्यांदा वितळवून पुन्हा गोठवली होती की विषात काही दमच उरला नव्हता. अशा विषाला हरवून औषध पहिलं आलं होतं.

मग दादाकडून ताजं विष आणलं आणि सगळ्या ओळी भरल्या. सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. औषध असूनही पेशी आक्रसून तळापासून सुटल्या होत्या, कित्येकींची आवरणं फाटून नुसता गाळ झाला होता. दादाचा हात असाच आतून सडला असता.

"विष जास्त पडलं असेल," साहेब म्हणाले.

"तीनदा मोजलंय."

"खेप पाठवायचा शब्द दिलाय मी. आधीच्या प्लेटवर सही कर."

दादा दारातच उभा होता. "कर गं बाई. नोकरी जाईल. मला वीस वर्षांत कधी चावलाय का साप?"

"तू गप्प बस. हात तुझा असला तरी बहीण मी आहे."

मी कागदावर ठळक अक्षरांत 'नापास' लिहिलं आणि खाली सही ठोकली.

साहेब लालबुंद झाले. "तुझ्यावाचून अडत नाही. दुसऱ्याची सही घेईन."

"घ्या की. पण मग उद्या विष तुम्ही काढा. चावलाच साप, तर हेच औषध टोचते तुम्हाला."

दादाने एकदा माझ्याकडे पाहिलं. मग साप धरायचा आकडा आणून त्याने साहेबांच्या टेबलावर ठेवला.

साहेबांनी आकड्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात खिशात घातले. खेप कुठेही गेली नाही.