पाठीवरची खूण

“तेल तापवलंच नाहीस वाटतं,” पालथा पडलेला बळवंत उशीत तोंड खुपसून कुरकुरला. “नुसतं ओतून मोकळी होतेस.”

जानकीने वाटी खाली ठेवली. ठेवली कसली, टाकलीच, कारण पदराने धरूनही तिची बोटं भाजली होती. स्टोव्हवर तेल ठेवून ती नळावर भांडायला गेली होती आणि भांडण लांबलं होतं. परत आली ती फणफणतच, आणि तशीच वाटी उचलून नवऱ्याच्या डाव्या खांद्यावर कलती केली होती. आता तिच्या डोळ्यांदेखत कातडी लाल होत चालली होती.

“करते गरम,” ती म्हणाली. दुसरं काय म्हणणार.

बांगडीतली पिन काढून तिने खांद्यामागे हळूच टोचली. मग जरा जोरात. बळवंत रविवारच्या मुलुंडच्या कुस्तीबद्दल बोलत राहिला. अर्ध्या पाठीपर्यंत पिन फिरली तरी त्याचं वाक्य कुठे अडखळलं नाही.

गिरणीतल्या आखाड्यातून उचलून बळवंतला फ्रीस्टाईलच्या रिंगमध्ये नेलं, त्याला पंचवीस वर्षं होत आली होती. संपात गिरणी गेली, रिंग राहिली. राहत्या भटवाडीत तो कोंबडी कापताना तोंड फिरवणारा माणूस. पोस्टरवर मात्र ‘कोकणचा काळ’. रविवारी त्याच्यासमोर उभा राहणारा गुणाजी हा ‘बगदादचा सैतान’, राहायला भांडुपला.

पहिल्याच फ्रीस्टाईलला जानकी पुढच्या रांगेत बसली होती. समोरच्या धिप्पाड माणसाने बळवंतला उचलायच्या आधी त्याच्या डाव्या खांद्यामागे दोनदा थोपटलं, झोपाळू पोराला थोपटावं तसं. बळवंतने मान आत घेतली, अंग सैल सोडलं, आणि मग तो आपटला. त्याच कुस्तीत पुढच्या वेळी उचलतानाही तसंच, त्याच्या पुढच्या वेळीही. तिसऱ्या खेपेला जानकीला सगळं उलगडलं. आधी थोपटायचं, मग उचलायचं. कोण जिंकणार ते अगोदरच ठरवून यायचं.

घरी आल्यावर त्याने विचारलं, “घाबरलीस?” चेहरा परीक्षेचा निकाल ऐकायला उभ्या राहिलेल्या पोरासारखा. “जीव उडाला माझा,” ती म्हणाली. तेव्हापासून तो कुस्ती खरीच असल्यासारख्या गोष्टी सांगायचा आणि ती हळद लावत हुंकार द्यायची. भांडण खोटं असलं तरी मार खराच असायचा, त्यामुळे हळदीला कधी अडचण आली नाही.

गुरुवारी दुपारी, बळवंत बाहेर गेल्याचं बघून, गुणाजी आला. तोंडाला रुमाल बांधून, कारण वैऱ्याला वैऱ्याच्या घरी चहा पिताना कुणी पाहिलं तर धंद्याची वाट लागली.

“वहिनी, दादाचा खांदा कसाय?”

“का रे?”

“असंच.” त्याने कप बशीवर तीनदा फिरवला. “कल्याणला गेल्या वेळी... म्हणजे मी उचललं ना दादाला, तर तो तयार नव्हता. मानेवर आला असता. मी मध्येच गुडघा घातला म्हणून वाचला.”

“कुस्तीत समोरचा तयार असेपर्यंत थांबतात वाटतं?” जानकी म्हणाली. तिला वाटलं, आता हा बोलेल. त्याने तोंड उघडलं असतं तर तिचंही आपोआप उघडलं असतं.

गुणाजीने मान खाली घातली. धंद्यातलं घरच्या बायकांना सांगायचं नसतं, ही शपथ त्याला बळवंतनेच घातली होती. “वहिनी, रविवारी दादाला ताप येऊ दे.”

“ताप काय माझ्या कनवटीला बांधलाय, सोडला की आला?”

“मग सांग ना त्याला, जाऊ नको म्हणून. मी आजारी पडलो तर माझ्या जागी दुसरा येईल. तो तर गुडघापण घालणार नाही.”

तिने सांगितलं. शुक्रवारी म्हणाली, वय झालं. बळवंत हसला. “त्या पोराला चारदा लोळवलंय मी.” शनिवारी म्हणाली, मला भीती वाटते. तेव्हा त्याचा चेहराच उतरला. “तू पण? तुला वाटतं मी हरेन?” कुस्ती खरी धरून बोलावं तर प्रत्येक शब्द त्याच्या ताकदीवर जाऊन आदळत होता. आणि खोटी म्हणावं तर पंचवीस वर्षांचा एकच श्रोता त्याच्या हातून जाणार होता. खांद्यावर टपोरा फोड आला होता, तोही त्याला तिनेच आरशात दाखवला. “डास चावला असेल,” तो म्हणाला, आणि डावा हात खिशात लपवला. म्हणजे त्यालाही ठाऊक होतं. दोघंही एकमेकांपासून लपवत बसली होती आणि मधल्या मधे रविवार उजाडला.

चार वाजता त्याने कुस्तीचे बूट बाहेर काढले. गुडघ्यापर्यंत येणारे, लाल लेसचे. उजव्या हाताने त्याने गाठ मारायचा प्रयत्न केला, डाव्याची बोटं लेसवरून नुसती घसरत राहिली. बराच वेळ जानकी निवडलेलेच तांदूळ परत निवडत होती.

“बांधून दे गो जरा,” तो शेवटी म्हणाला. “कंबर धरलीय, वाकवत नाही.”

ती खाली बसली. एक बूट बांधला. दुसरा घेतला. लेस इतकी आवळली की कुणालाही कळ आली असती, पाय उजवा होता, तिथे त्याला कळत होतं, आणि तो ओरडला, “हळू.” त्या ओरडण्याने तिला रडूच आलं.

“आज तिसऱ्या राउंडला त्याला असा धरतो बघ,” बळवंत म्हणाला. “तो मला उचलायला येईल ना, तेव्हा...”

“तेव्हा तो तुमच्या खांद्यामागे दोनदा थोपटेल,” जानकी बुटाकडे बघत म्हणाली. “पहिल्या दिवसापासून मला माहीत आहे. आणि आता तुम्हाला ते कळत नाही हो. तिथे काहीच कळत नाही.”