बाराव्या ताटाचा आर्चड्यूक

व्हिएन्नाच्या राजवाड्यात आर्चड्यूक, म्हणजे बादशाही घराण्यातले राजपुत्र, इतके झाले होते, की दोघं जिन्यात भेटले तर आधी एकमेकांना नाव विचारत. त्यातला एमेरिख वारसांच्या यादीत एकतिसावा. नव्या पुलांच्या फिती कापायच्या आणि परक्या राजांच्या मयताला जायचं, एवढंच त्याचं राज्य.

आज, ईस्टरआधीच्या गुरुवारी, त्याचं डोकं सकाळपासून तापलं होतं. ओल्म्युट्स गावच्या शाळेत गाणं शिकवणाऱ्या लुडमिलाशी लग्न करायची परवानगी तो अकरा वर्षं मागत होता. मुलगी राजघराण्यातली नाही, म्हणून दरबाराचे कारभारी काउंट हाल्डेनाऊ दर वर्षी म्हणत, "ईस्टरनंतर बघू." कुठल्या ईस्टरनंतर, ते विचारायचं राहून गेलं होतं. काल तिचं पत्र आलं: 'मी एकेचाळीस वर्षांची झाले. सोमवारी औषधवाल्या नेमेत्सना होकार देणार आहे.'

दरबाराची रीत अशी, की या दिवशी बादशहांनी बारा गरीब म्हाताऱ्यांना स्वतः वाढायचं, आणि त्यांनी घास घ्यायच्या आत बारा आर्चड्यूकांनी ती ताटं उचलायची. जेवण मग टोपल्यांत भरून म्हाताऱ्यांच्या घरी जाई. एमेरिखकडे बारावं ताट.

पहिल्यांदा मासा आला. अकरा ताटं उचलली गेली. बारावं जागेवरच.

"आजोबा, जेवा," एमेरिख दातओठ खात म्हणाला. "बघू कोण अडवतो ते!"

नव्वदीचे व्होंद्राक आजोबा दचकले. "अहो सरकार, उचला की! इथं खाल्लं तर टोपलीत काय दगड नेऊ? म्हातारी उपाशी बसलीय या माशासाठी."

"तुमच्या तोंडचा घास काढायची लाज वाटते मला!"

"लाज संध्याकाळी वाटून घ्या. आधी मासा भरा."

काउंट चवड्यांवर धावत आले. "हुजूर, ताट! तुमच्या परवानगीचं मी ईस्टरनंतर—"

"नाव काढू नका ईस्टरचं!" एमेरिख गरजला.

"कसली परवानगी?" आजोबांनी विचारलं.

"लग्नाची."

"वय काय?"

"सत्तेचाळीस."

आजोबांनी त्याला पदकांसकट न्याहाळलं. "मी विचारलंच नव्हतं कुणाला. सासऱ्यानं पट्ट्यानं फोडून काढलं, पण बायको तर मिळाली. तुम्हाला कोण मारणारे?"

खरंच, कोण? अकरा वर्षं काउंटवर असलेला राग पहिल्यांदाच स्वतःवर उलटला, आणि तो जास्त झोंबला.

त्यानं ताट उचललं. मासा टोपलीत नीट रचला. माशानंतर आलेली तीन ताटंही त्यानं आजोबांच्या देखरेखीखाली भरली. ("लिंबू राहिलं, सरकार.") मग तो ताडताड दाराकडे निघाला.

"हुजूर, बादशहांच्या हातून म्हाताऱ्यांचं पाय धुणं व्हायचंय अजून! कुठं निघालात?"

"ओल्म्युट्सला. तीनची गाडी आहे."

"परवानगीशिवाय? वंशावळीतून नाव कापतील!"

"कापा. सापडायलाच आठवडा लागेल तुम्हाला."

काउंटना घाम फुटला. "अहो, पण पुढच्या वर्षी बारावं ताट कोण उचलणार?"

अकरा वर्षांत या माणसानं त्याच्याविषयी दाखवलेली ही पहिली काळजी. एमेरिखच्या कपाळाची शीर तटतटली.

"तुम्ही उचला!" म्हणून त्यानं दार आपटलं. आयुष्यात कधी स्वतः दार लावलेलं नसल्यानं ते नीट लागलं नाही. तो परत आला आणि त्यानं ते पुन्हा आपटलं.