भिंतीवरच्या घड्याळाचा सेल

सेल अंगठ्याएवढा, एका टोकाला बारीकसं टेंगूळ — पर्सच्या आतल्या कप्प्यात आजीची बोटं त्याला गोल गोल फिरवतायत, कोर्टाच्या बाकावर बसल्यापासून, आणि बोटांना वाटतंय की हा तापत चाललाय, आता पर्सला भोक पडणार, टणकन फरशीवर पडून घरंगळत थेट न्यायाधीशबाईंच्या पायाशी... पण ही आजीची जुनी खोड. उंदीर सांगायला घेतला की शेपटीपर्यंत त्याचा हत्ती झालेला असतो.

खरं इतकंच. मुलगा आणि सून वेगळे झाले, आणि नातीनं दर शनिवारी सकाळी दहाला बापाकडे यायचं, संध्याकाळी पाचला आईच्या दारात पोचायचं, असा कोर्टाचा आदेश. लागोपाठ तीन शनिवार उशीर झाला. सुनेनं अर्ज केला, आदेश मोडला म्हणून. आता जेवणाच्या सुट्टीनंतर न्यायाधीशबाई ठरवणार — शनिवार राहतोय, की बापलेकीनं इथंच, तळमजल्यावरच्या खोलीत, कोर्टाच्या माणसासमोर तासभर भेटायचं.

मुलगा सकाळी उभा राहून म्हणाला, "बस रखडली." बिचाऱ्याला खरंच तसं वाटतं. लेक आली की मोबाइल बंद करून कपाटात टाकतो, तिला पोचवून परत येईपर्यंत हात लावत नाही. सगळी भिस्त भिंतीवरच्या घड्याळावर. आणि त्या घड्याळाखाली स्टूल कुणी ओढलं? बापलेक गॅलरीत रंगांनी बरबटलेले असताना सेल कुणी काढला, थोड्या वेळानं गुपचूप परत कुणी घातला, ती दोघं गेल्यावर काटे पुन्हा जागेवर कुणी आणून ठेवले, आणि आज निघताना तोच सेल पर्समध्ये कुणी टाकला...

पहिल्या वेळी माझी गोष्ट सांगून अर्धीच झाली होती हो! देवमाशाच्या पोटात पोस्ट उघडलेलं, पहिलं पत्र आलेलं, आणि माझी नात, भिंगरी, विचारते, "आजी, पत्रात काय होतं?" अशा वेळी माणसानं काय करायचं? दुसऱ्या वेळी गोष्ट पूर्ण झाली होती, हे मी कबूल करते. तिसऱ्या वेळी गोष्टच नव्हती. नुसती माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडली होती.

आणि सुनेची ती निळी वही. सकाळी वकिलांनी वाचायला सांगितलं तशी उभी राहिली, आवाज ना वर ना खाली. "पाच वाजून सतरा मिनिटं. पाच एकतीस. पाच चव्वेचाळीस." पावणेसहासुद्धा म्हणाली नाही! मी असते तर सात वाजवले असते, वर अंधार पाडला असता, दोन कुत्री मागे लावली असती. आणि मग कुणी न विचारता तिनं मागचं पान उलटलं — "त्याआधीच्या महिन्यात मीच मुलीला नऊ मिनिटं उशिरा सोडलं. चूक माझी. तिचे बाबा काही बोलले नाहीत." तिच्याच वकिलानं चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं. न्यायाधीशबाईंचं पेन थांबलं. आजीला तर टाळी वाजवावीशी वाटली. काय बाई आहे!

सात वर्षं एका घरात काढली. पाहुण्यांपुढे आजीनं बागेतला नऊ फुटी साप फणा काढून उभा केला की आतून हिचा आवाज यायचा, "आई, गांडूळ होतं ते." हसून हसून पाहुण्यांच्या पोटात दुखायचं, आजीच्याही. एकदा ही माहेरी निघाली तेव्हा आजीनं हेच घड्याळ मागे केलं होतं. बस चुकली. परत येऊन स्टुलावर चढली, घड्याळाला कान लावला, आजीकडे पाहिलं... आणि चहा टाकला. म्हणजे तिला...

"आई, गोळी घेतलीत?"

सून. बाकावर येऊन टेकलेली, मधे वीतभर जागा ठेवून.

"घेतली की."

"आई."

"...नाही घेतली."

तिनं बाटलीचं झाकण उघडून पाणी पुढे केलं. गोळी गिळताना आजीच्या तोंडून निघून गेलं, "घड्याळाचं लिहिलंयस का गं वहीत?"

"मी बघितलं तेवढंच लिहिते. घड्याळ मी बघितलेलं नाही." ती बाटलीचं झाकण फिरवत राहिली. "पाच वाजून गेले की मी जिन्यात येते. तीन मजले खाली, तीन मजले वर. पायऱ्या पाठ झाल्यात. तेही लिहिलेलं नाही."

बस, एवढंच बोलून आपल्या वकिलाकडे गेली.

तीन मजले. खाली, वर... देवमाशाच्या पोटात पत्र उघडत होतं तेव्हा ही जिन्यात. आजीच्या डोक्यात एक फक्कड गोष्ट तयार होती — मांजर, घड्याळावर उडी, सेल निसटतो — कोर्ट हसलं असतं, न्यायाधीशबाईसुद्धा. तिनं ती गोष्ट हातात धरून पाहिली. धरवेना. मग दुसरं वाक्य. सेल मी काढला. बास? शेपूट नाही, फणा नाही... आणि हे ऐकल्यावर मुलगा माझ्या तोंडाकडे बघेल का? शनिवारी मला घरात ठेवेल का? की शनिवार राहील, आणि मीच राहणार नाही त्यात? आणि एवढ्या वर्षांच्या हत्तींनंतर माझ्यावर विश्वास तरी कोण ठेवणार... ती ठेवेल. ती एकटी ठेवेल.

शिपायानं दार उघडलं. मुलगा म्हणाला, "आई, चल ना, आपलंच नाव पुकारलं."

आजी उठली, पर्समधला सेल तिनं मुठीत घेतला. मुठीतला सेल गार होता. अंगठ्याएवढा. तेवढाच.