बरं वाटलं का?

गोदामाच्या दारापासून रस्त्याच्या वळणापर्यंत रांग लागली होती. आत मंचावर निळे बाबा बसले होते. निळ्या बाटलीत पाणी भरायचं, वरून एक फुंकर मारायची, की मधुमेह, दमा, सांधेदुखी सगळे पळ काढतात, अशी त्यांची ख्याती. विज्ञानाचा पुळका इतका, की फुंकर मारण्याआधी ते पांढरा कोट चढवायचे. पण लोक हात जोडत होते ते बाबांच्या डोक्यावरच्या फलकाला: 'हजार जणांची पाहणी. सत्त्याण्णव टक्के बरे झाले!'

"आम्ही चमत्कार सांगत नाही," बाबा माईकवरून म्हणाले, "आम्ही आकडा सांगतो. आकडा कधी खोटं बोलतो का?"

"नाही!" गोदाम दणाणलं.

पाहण्यांचे प्रश्न तयार करणं हा माझा धंदा. साबण, बससेवा, दवाखाने, म्हणाल त्या विषयावर मी लोकांना बोलतं केलंय. आणि माझी सख्खी ताई, अकरा वर्षं इन्सुलिनची सुई टोचून घेणारी, त्या रांगेत दुसऱ्या बाटलीसाठी उभी होती. सुई तिने आठ दिवसांपूर्वीच बंद केली होती.

"ताई, घरी चल."

"का? तूच म्हणतेस ना, ऐकीव गोष्टींवर जाऊ नये, आकडा बघावा? मग बघ की!"

आपलेच दात, आपलेच ओठ. मी आकडा बघायला टेबलाशी गेले. बाबांच्या फोटोचा बिल्ला लावलेल्या स्वयंसेवकाने मोठ्या अभिमानाने फॉर्म पुढे केला. प्रश्न एकच: 'बाबांच्या पाण्याने तुम्हाला बरं वाटलं का?' खाली चार चौकोन. थोडं बरं, बरं, खूप बरं, एकदम बरं.

"यात 'नाही' कुठे आहे?"

"तसं कुणी म्हणतच नाही."

"मग उरलेले तीन टक्के?"

"त्यांनी फॉर्म कोरा ठेवला."

बरं वाटणं म्हणजे बरं होणं नव्हे. पंख्याखाली बसलं तरी बरं वाटतं. अंगात ताप असला तरी दारात आलेल्या माणसाला आपण "बरं आहे" म्हणतो. विचारणाऱ्याने बाबांचा बिल्ला लावला असेल, तर मग बोलायलाच नको. फॉर्मवर 'वाटलं', फलकावर 'झाले'. एका शब्दात सगळा चमत्कार उरकला होता.

"फॉर्म भरून कुणाकडून घेता?"

"तिसऱ्या बाटलीला येतात त्यांच्याकडून."

पहिल्या-दुसऱ्या बाटलीची रांग वळणापर्यंत होती. तिसऱ्या बाटलीच्या रांगेत अकरा माणसं.

"बाकीचे कुठे गेले?"

"बरे झाले! मग कशाला येतील?"

"आणि हे अकरा?"

"त्यांना गुण येतोय, म्हणून तर येतात!"

आला तो बरा, नाही आला तोही बरा. छापा पडो की काटा, जिंकणार बाबाच.

मला राहवलं नाही. फॉर्मवरचे 'बाबांच्या पाण्याने' हे शब्द खोडून मी 'या खुर्चीने' असं लिहिलं. प्लास्टिकची खुर्ची ओढली, रांगेत ताटकळलेल्या चाळीस जणांना एकेक करून दोन मिनिटं बसवलं आणि विचारलं, बरं वाटलं का? एकोणचाळीस जणांना वाटलं. चाळिसावा झोपला.

मग मी त्याच खुर्चीवर चढले. "लोकहो, या खुर्चीचा गुण साडेसत्त्याण्णव टक्के! बाबांपेक्षा अर्धा टक्का जास्त! प्रश्नच असा विचारलाय, की उत्तर दुसरं येणारच नाही!"

काही जण हसले. जिंकले, असं वाटलं मला. तेवढ्यात मागून एक आजोबा हात जोडून म्हणाले, "म्हणजे खुर्चीतही उतरलीय की बाबांची शक्ती!"

आणि रांग खुर्चीकडे वळली. मला अक्षरशः ढकलून खाली उतरवलं.

"सगळ्यांसमोर शोभा केलीस माझी," ताई म्हणाली आणि बाटली छातीशी धरून चालू लागली.

त्यानंतर मी रोज सुई घेऊन तिच्या दारात जायचे. हातापाया पडले, भांडले, रडले. साखर मोजायचं यंत्र तिने कपाटात कुलूपबंद केलं होतं. "मला बरं वाटतंय," ती म्हणायची. "आणि मोठी मी आहे की तू?"

सुई बंद केल्यापासून एकोणिसाव्या दिवशी तिला उलट्या सुरू झाल्या. दवाखान्यात यंत्राने आकडाच दाखवला नाही. "साखर यंत्राला मोजता येते त्याच्याही वर गेलीय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतके दिवस काय करत होतात?"

मी ताईच्या तोंडाशी वाकून विचारलं, "ताई, कसं वाटतंय?"

कोरडे ओठ हलले. "बरं."

सकाळी ती गेली.

ताईच्या तिसऱ्या बाटलीच्या दिवशी मी गोदामात गेले. स्वयंसेवकाने वहीतल्या ताईच्या नावावर बोट ठेवलं. "या काही आल्या नाहीत," तो हसून म्हणाला. "बऱ्या झाल्या वाटतं!"

मी ओरडले, सगळं सांगितलं. रांग एक पाऊल पुढे सरकली, इतकंच. खुर्चीभोवती आता दोरी बांधली होती.

म्हणून तुम्हाला सांगते. कुणी आकडा तोंडावर फेकला, तर आधी विचारा: प्रश्न नेमका काय होता? 'नाही' म्हणायला जागा होती का? आणि कुणाला विचारायचं राहून गेलं? घरात कुणी "बरं वाटतंय" म्हणालं, तर त्याची साखर मोजा, ताप बघा, डॉक्टरांकडे न्या. फलकावर अजून सत्त्याण्णव टक्केच आहेत. माझ्या ताईला कुणी विचारलेलं नाही.